कानात गेलेले पाणी आणि आपली जबाबदारी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनिमित्त कोरेगाव भीमा येथे भरलेल्या स्नेहमेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्चाचा गोषवारा सादर करतो. यंदाचा ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचा अहवाल याच पुस्तिकेत पुढे छापला आहे. तो आपण सवडीने वाचावा, ही विनंती. आज मात्र विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने एका लहानशा दुखण्याविषयी बोलावे, असे आम्ही योजले आहे. हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग यांविषयी आपल्या अहवालांतून पुष्कळ लिहिले गेले. पोहल्यानंतर दुखणाऱ्या कानाला मात्र आजवर एक ओळही लाभलेली नाही.

प्रारंभीच एक खुलासा करणे उचित ठरेल. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रोग्याची नाडी नव्हे, तर संस्थेची खतावणी पाहणे हे आमचे काम. त्यामुळे पुढे जे वैद्यकीय सांगणार आहोत, ते आपल्या कान-नाक-घसा विभागातील डॉक्टरांकडून समजून घेतलेले आणि त्यांच्या नजरेखालून गेलेले आहे. चूक मात्र जिथे आमची झाली, ती आमचीच म्हणून सांगू.

आपल्या गावाचे नावच नदीसह घेतले जाते. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा चासकमान धरणातून पुढे येते, तुळापूरला इंद्रायणी तिला मिळते आणि मग ती आपल्या गावाजवळून वाहत पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. अशा मुलखात पोहणे कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाही. परीक्षा संपल्या, की मुले विहिरीकडे धाव घेतात. पूर्वी पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून त्यांना पाण्यात सोडीत. आता ट्यूब आली. उन्हाळ्यात कालव्याला आवर्तन सुटले, की त्या वाहत्या पाण्यातही मुटके मारले जातात. इकडे पुणे-नगर रस्त्यालगत उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांतील मुलांसाठी तरणतलाव झाले आहेत. पाणी निरनिराळे असले, तरी मे महिन्यात ठणकणारा कान घेऊन येणारी मुले दोन्हीकडची असतात.

पोहू नका, असे सांगण्यासाठी आम्ही उभे नाही. नदीकाठच्या मुलाला पोहता येणे ही चैन नव्हे, ती त्याच्या जिवाची राखण आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली त्याने अवश्य पोहावे. बाहेर आल्यानंतर कानाचे काय करावे आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, एवढेच सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या वस्तीवरील एक बारा वर्षांचा मुलगा सुटीत मामाच्या विहिरीत पोहायला शिकला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या उजव्या कानात खाज सुटली व दडे बसल्यासारखे वाटू लागले. पाणी अडकले असेल म्हणून त्याने काडेपेटीची काडी फिरवली. खाज थांबली, पण रात्री कान दुखू लागला. आईने डोक्यातल्या आकड्याने मळ काढण्याचा प्रयत्न केला. आजीने लसणाची पाकळी घालून तेल गरम केले आणि ते कानात सोडले. या तिघांपैकी कोणाच्याही मायेत उणे नव्हते. प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेला उपाय केला आणि प्रत्येक उपायाने कान थोडा अधिक बिघडला.

रविवारी रात्री त्याचे वडील त्याला मोटारसायकलवर पुढे बसवून आपल्या रुग्णालयात घेऊन आले. मुलगा कानावर हात ठेवून रडत होता. नोंदणीच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याने सांगितले, "कानाचे डॉक्टर गुरुवारी येतात. गुरुवारी या." वडील मुलाला घेऊन परत गेले.

त्या कर्मचाऱ्याचा यात दोष नव्हता. कानाचे रुग्ण तातडीच्या यादीत धरू नयेत, त्यांना तज्ज्ञांच्या वारी बोलवावे, असा लेखी नियम होता आणि त्याखाली सही आमची होती. अपघात, सर्पदंश, प्रसूती, छातीत दुखणे यांच्यापुढे कानाचे दुखणे ते काय, असा आमचा हिशेब. मुलगा गुरुवारी आला, तेव्हा कानाचे भोक सुजून बंद झाले होते, त्यातून पाणी येत होते, आणि चार रात्री तो झोपला नव्हता. घरात दुसरेही कोणी झोपले नव्हते. वडिलांनी तक्रार केली नाही. "साहेब, रविवारी नुसते बघितले असते तरी चालले असते," एवढेच ते म्हणाले. या एका वाक्याने आम्हाला हा विषय शिकवयास लावला.

आता कानाची रचना थोडक्यात पाहू. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंत जाणारी नळी मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि किंचित वळणाची असते. एका टोकाला बंद असल्यामुळे आत गेलेले पाणी काही वेळा तिथेच राहते. या नळीतील मळाला आपण घाण समजतो. वस्तुतः तो निसर्गाने दिलेला लेप आहे. तो चिकट व किंचित आम्लधर्मी असल्यामुळे पाणी कातडीत मुरू देत नाही आणि जंतूंना वाढू देत नाही. आतील कातडीही आतून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते व आपल्याबरोबर मळ बाहेर आणते. कान स्वतःच स्वतःला स्वच्छ करतो. आपण काडी घालतो, तेव्हा मळाचा काही भाग आत ढकलतो आणि उरलेला लेप खरवडून टाकतो.

दीर्घकाळ पाण्यात राहिल्याने आतील कातडी भिजून मऊ पडते. धुणे धुताना बोटे सुरकुततात, तसेच हे. अशा कातडीवर काडीचा बारीकसा ओरखडा उठला, की पाण्यातील जंतूंना वाट मिळते. यात स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस हे जंतू प्रामुख्याने आढळतात. डॉक्टर या विकाराला बाह्यकर्णाचा दाह म्हणतात. जगभर तो 'पोहणाऱ्याचा कान' म्हणून ओळखला जातो. तो केवळ खेड्यातील विहिरीचा रोग नव्हे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार तिथे २००७ या एका वर्षात या विकारासाठी रुग्णांनी सुमारे २४ लाख वेळा डॉक्टरांकडे धाव घेतली आणि त्यावर जवळजवळ ५० कोटी डॉलर खर्च झाले. ५ ते १४ या वयाच्या मुलांत त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. आमच्यासारख्या हिशेबनीसाला हा आकडा वाचून प्रथम आश्चर्य वाटले, आणि मागोमाग आपल्या त्या नियमाची लाजही वाटली.

हे दुखणे घरी कसे ओळखावे? पोहल्यानंतर एक-दोन दिवसांत कानात खाज सुटते, मग दडे बसतात, मग ठणका लागतो. कानाची पाळी हलकेच ओढली किंवा कानाच्या भोकासमोरचा लहानसा उंचवटा दाबला, की मूल कळवळते. घास चावतानाही दुखते. सर्दी-खोकल्यानंतर पडद्यामागे होणाऱ्या कानदुखीत ताप असू शकतो, परंतु पाळी ओढल्याने वेदना सहसा वाढत नाही. ही खूण मातांनी ध्यानात ठेवावी; मात्र तिच्या आधारे घरच्या घरी औषध ठरवू नये.

त्या मुलावर झालेले उपचार अगदी साधे होते. डॉक्टरांनी प्रकाशाखाली बघत कानातील साचलेला मळ व पू शोषून घेतला. नळी सुजून बंद झाल्यामुळे नुसते थेंब आत जाणार नव्हते. म्हणून त्यांनी औषधात भिजवलेली बारीक वात आत सरकवली. देवघरातील समईची वात जसे तेल वर खेचते, तशी ही वात औषध आतवर नेते. वेदनाशामक गोळी दिली. मुलगा त्या रात्री झोपला. तिसऱ्या दिवशी सूज उतरली, वात काढली, पुढे आठवडाभर थेंब घातले, आणि शाळा उघडली तेव्हा तो वर्गात होता. सलाईन नाही, इंजेक्शन नाही, भरती नाही. साध्या बाह्यकर्णदाहात प्रतिजैविकाच्या गोळ्यांची बहुधा गरज नसते, थेंब हाच मुख्य उपचार, असे जगभरचे तज्ज्ञ सांगतात. "सुई दिली नाही, म्हणजे काही केलेच नाही," असे आपल्याकडे अजूनही मानले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

थेंब कसे घालावेत, यालाही पद्धत आहे. बाटली काही मिनिटे मुठीत धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी चक्कर येते. रुग्णाला कुशीवर निजवून दुखरा कान वर ठेवावा. मोठ्या माणसाची पाळी वर व मागे, तर अगदी लहान मुलाची खाली व मागे हलकेच ओढून थेंब सोडावेत, आणि तीन ते पाच मिनिटे तसेच पडून राहावे. दुखणे थांबले म्हणून दोन दिवसांत औषध सोडू नये. सात ते दहा दिवस कानात पाणी जाऊ देऊ नये. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा भोकाशी ठेवावा आणि नंतर काढून टाकावा. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर पुन्हा दाखवावे.

टाळावयाच्या गोष्टी आमच्या डॉक्टरांनी भिंतीवर लावण्यासाठी लिहून दिल्या आहेत. काडी, आकडा, किल्ली, कापूस गुंडाळलेली कांडी यांपैकी काहीही कानात घालू नये. कोमट असो वा गरम, तेल घालू नये. जत्रेत वा बाजारात कान कोरून देणाऱ्यापुढे कान धरू नये. शेजारच्या मुलाला लागू पडलेले थेंब आपल्या मुलाला घालू नयेत. पडद्याला भोक असेल, तर काही थेंब आतील कानाला अपाय करून ऐकू येणे कमी करू शकतात. पोहून झाल्यावर मान एका बाजूला कलती करून पाळी थोडी हलवावी, पाणी निघू द्यावे, बाहेरचा कान टॉवेलने टिपावा आणि दुसऱ्या बाजूने तेच करावे. याला खर्च काहीच नाही.

यापुढे तीन प्रकारच्या कानांविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण त्यांना हा साधा नियम पुरत नाही.

पहिला, खाजरा कान. पावसाळ्याच्या दमट हवेत कानात बुरशी धरते. दुखण्यापेक्षा खाज व दडे अधिक असतात. आत पाहिले, तर भिजल्या वर्तमानपत्रासारखा थर आणि कधी त्यावर काळे ठिपके दिसतात. इथे दुकानातून परस्पर आणलेले प्रतिजैविकाचे थेंब बुरशीला उलट पोसतात. कान साफ करून बुरशीवरचे औषध द्यावे लागते.

दुसरा, वाहणारा कान. आपल्याकडे 'कान फुटला' असे म्हणून हा वर्षानुवर्षे सांभाळला जातो. तो दुखत नाही, म्हणून कोणी दाखवीत नाही. अशा मुलाच्या पडद्याला बहुधा भोक असते आणि पोहताना पाणी थेट मध्यकर्णात जाते. पडदा तपासून घेईपर्यंत त्याने पाण्यात डोके बुडवू नये. या मुलाला ऐकू कमी येते, हे घरात ध्यानात येत नाही. शाळेत तो मागच्या बाकावर जातो आणि 'ढ' ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालपणीच्या बहिरेपणापैकी सुमारे ६० टक्के टाळता येण्याजोगा असतो. केंद्र शासनाने बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये हाती घेतला, आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करीत आली आहेत. पथक शाळेत येईल, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, एवढे पालकांनी केले, तरी पुष्कळ साधेल.

तिसरा, मधुमेही माणसाचा कान. याविषयी सांगताना आम्हाला जड जाते. आपल्या परिसरातील एक वयोवृद्ध वारकरी इंद्रायणीत स्नान करून परतले आणि काही दिवसांनी त्यांचा कान दुखू लागला. सुरुवात पाण्याने झाली, की त्यांनी फिरवलेल्या काडीने, हे कोणी सांगू शकणार नाही. मधुमेह जुना होता आणि साखर ताब्यात नव्हती. महिनाभर ते तेल घालीत राहिले. वेदना रात्री वाढे. चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाल्यावर मुलांनी त्यांना आणले. संसर्ग कानाच्या नळीतून कवटीच्या तळाच्या हाडात उतरला होता. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात त्यांना कित्येक आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. ते वाचले, चेहरा पूर्ववत झाला नाही. वैद्यकीय ग्रंथांत हा विकार १९६८ पासून 'घातक बाह्यकर्णदाह' या नावाने नमूद आहे. तो कर्करोग नव्हे, परंतु वेळ दवडल्यास जीव घेतो. म्हणून मधुमेही व्यक्तीचा कान दुखला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. तसेच कानामागे सूज, जोराचा ताप, चेहऱ्याची वक्रता, चक्कर किंवा अचानक कमी ऐकू येणे यांपैकी काहीही दिसल्यास, कोणाचाही कान असो, त्याच दिवशी यावे.

पाण्याविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. तुळापूरच्या वर इंद्रायणी ज्या वस्तीतून व कारखानदारीतून वाहत येते, ती आपण सर्व जाणतो. आळंदीला तिच्यावर आलेला पांढरा फेस वर्तमानपत्रांतून वारंवार छापून आला आहे. भीमा, इंद्रायणी, मुळा व मुठा या नद्यांचे पट्टे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ आणि २०२२ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या याद्यांत होते. ज्या दिवशी पाण्याला वास वा फेस असेल, त्या दिवशी मुलांना त्यात उतरू देऊ नये. कान उघडा, वाहता वा नुकताच बरा झालेला असेल, तर मुळीच नाही. गृहसंकुलांच्या व्यवस्थापकांनी तलावातील क्लोरीन प्रति लिटर किमान एक मिलिग्रॅम आणि सामू ७ ते ७.८ या मर्यादेत आहे, हे रोज तपासून वहीत लिहावे. स्वच्छ दिसणारे निळे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही.

देणगीदारांनो, आता आमच्या मूळ कामाकडे, म्हणजे हिशेबाकडे, वळतो. त्या मुलाला रविवारीच पाहिले असते, तर त्याच्यावरील खर्च एका दिवसाच्या मजुरीच्या आसपास राहिला असता. उशीर झाल्याने वडिलांचे काम बुडाले, गाडीच्या खेपा वाढल्या आणि मुलाने चार रात्री सोसल्या त्या वेगळ्याच. वारकरी बाबांचा उशीर तर कुटुंबाला जमिनीच्या एका तुकड्याच्या किमतीला पडला. आमच्या खतावणीत यांपैकी काहीच दिसत नाही. आम्ही रविवारी परत पाठवलेल्या रुग्णाची नोंदच होत नव्हती. केसपेपरच निघाला नाही, तर हिशेब कशाचा ठेवणार?

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात व बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. ही तरतूद मोलाचीच आहे. पण तिचा विचार मुख्यतः खाटेवरील रुग्णापासून सुरू होतो. ज्याला खाटेपर्यंत पोहोचूच द्यावयाचे नाही, त्या रुग्णाला खिडकीवर कोण विचारतो, हे आपल्यावरच अवलंबून आहे.

आमचा तो नियम रद्द झाला आहे. आता ठणकणारा कान घेऊन कोणी कोणत्याही वारी, कोणत्याही वेळी आला, तरी उपस्थित डॉक्टर त्याच दिवशी कान पाहतात, वेदना कमी करतात आणि धोक्याची लक्षणे तपासतात; तज्ज्ञांची भेट त्यानंतर ठरते. खिडकीवर प्रत्येकाला विचारले जाते, "मधुमेह आहे का?" आणि परत जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाची कारणासह नोंद होते. महिनाअखेरीस ती वही आम्ही स्वतः वाचतो.

यासाठी कोट्यवधींच्या यंत्राची गरज पडली नाही. कान पाहण्याची दुर्बीण, मळ शोषण्याचे साधन, वाती, थेंब आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांचे थोडे प्रशिक्षण एवढे पुरले. आपली देणगी पाटीवर नाव कोरण्याजोग्या मोठ्या यंत्रासाठी असावी, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि त्या यंत्रांचीही निकड आहेच. तथापि वातीसाठी, थेंबांसाठी, शाळेतील कान तपासणीसाठी दिलेल्या रुपयावर नाव कोरता येत नाही. तो एखाद्या घराच्या शांत रात्रीत जमा होतो. त्या जमेचा ताळेबंद आम्हाला मांडता येत नसला, तरी ती खरी आहे, याची ग्वाही आम्ही देतो.

तो मुलगा मोठा झाला आहे आणि उन्हाळ्यात वस्तीवरच्या लहान मुलांना त्याच विहिरीत पोहायला शिकवतो. मुले वर आली, की तो त्यांना ओळीने उभे करतो आणि मान कलती करून कानातले पाणी काढायला लावतो, असे त्याच्या वडिलांनी मागील उन्हाळ्यात आम्हाला सांगितले. आमच्या भिंतीवरील फलकापेक्षा हे अधिक उपयोगी आहे.